विश्लेषण : घरात बिअर आंबवता येते का? पहिल्या बॅचचे शास्त्र, ताडकळसचा उन्हाळा आणि कायदा

प्लास्टिकची झाकणाची बादली, यीस्टचे एक पाकीट, झाकणात खोचलेली छोटी नळी आणि ‘चौदा दिवसांत घरची बिअर’ असा मथळा. असे व्हिडिओ आता गावोगावच्या मोबाइलवर पोहोचले आहेत. ते बहुतेक अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातले असतात. तिथे हा रविवारचा छंद आहे. पण परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात, ताडकळससारख्या गावात तोच व्हिडिओ पाहून कुणी बादली आणायला निघाले, तर दोन गोष्टी आधी माहीत असायला हव्यात. पहिली कायद्याची आणि दुसरी तापमानाची.

ज्वारी पिकवणाऱ्या या भागात हा विषय केवळ हौसेचा नाही. धान्यापासून मद्य हा राज्यात अनेकदा वादाचा, कधी शेतकऱ्याला आशा दाखवणारा आणि घरातल्या बाईला धास्ती देणारा विषय राहिला आहे. म्हणूनच आंबवण्याच्या बादलीत नेमके काय घडते, काय बिघडते आणि त्यातले आपल्या कामाचे किती, हे समजून घेऊ.

घरी, फक्त स्वतःसाठी बिअर केली तर चालते का?

नाही. महाराष्ट्रात विनापरवाना बिअर तयार करणे हा गुन्हा आहे. ती विकली नाही तरीही.

राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याचे मूळ नाव ‘मुंबई दारूबंदी कायदा’, आता तो ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ म्हणून ओळखला जातो. हा कायदा झाला तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात नव्हता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर हा कायदा इकडेही लागू झाला. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. आधी सगळ्याला बंदी आणि मग परवान्याने सूट, असा त्याचा क्रम आहे. कलम १२ नुसार दारू तयार करणे, बाळगणे, नेणे, विकणे आणि विकत घेणे या सगळ्यालाच मनाई आहे. ‘दारू’च्या व्याख्येत स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव येतात.

शिक्षेची तरतूद कलम ६५ मध्ये आहे. त्यात तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. महत्त्वाचे म्हणजे, मादक पेय बनवण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी किंवा उपकरणे जवळ ठेवणे हासुद्धा या कलमाखाली गुन्हा ठरतो. म्हणजे बादलीत अजून काही आंबले नाही, एवढे सांगून सुटका होत नाही.

मग परदेशात हे कसे चालते? तिथेही ते नेहमीच चालत नव्हते. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये संबंधित कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरी बिअर करणे केंद्रीय कायद्याने करमुक्त झाले. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, अशी तिथली मर्यादा आहे. विकायला मात्र तिथेही परवानगी नाही.

आंबणे म्हणजे नेमके काय?

ज्याच्या घरी दही लावले जाते, त्याला यातला अर्धा भाग आधीच माहीत आहे. दूध कोमट करायचे, चमचाभर विरजण घालायचे आणि भांडे हलवायचे नाही. विरजण म्हणजे जिवंत जिवाणू. ते दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. बिअरमध्ये विरजणाची जागा यीस्ट घेते. ही एकपेशीय बुरशी आहे. तीही साखर खाते, पण आम्लाऐवजी मुख्यतः अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते.

हिशेब सोपा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे साखरेचे वजनाने जवळजवळ निम्मे दारूत आणि निम्मे वायूत जाते. पाच टक्के अल्कोहोल असलेली २० लिटर बिअर तयार होताना सुमारे ४०० लिटर वायू बाहेर पडतो. व्हिडिओतली ती छोटी नळी यासाठीच असते. तिला एअरलॉक म्हणतात. आतला वायू बाहेर जातो, पण बाहेरची हवा, धूळ आणि चिलटे आत येत नाहीत.

माणसाने हजारो वर्षे बिअर केली, पण ती कोण करते हे त्याला ठाऊक नव्हते. जर्मनीतील बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्याच वस्तूंना परवानगी होती. त्यात यीस्टचा उल्लेखच नव्हता. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बिअर बिघडण्यामागे नको असलेले सूक्ष्मजीव असतात हे मांडले. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनमधील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे वाढवून दाखवले. आज पाकिटात मिळणारे यीस्ट हे त्याच कामाचे फळ आहे.

धान्यातली साखर येते कुठून?

यीस्टला पीठ खाता येत नाही. धान्यात असतो तो स्टार्च. त्याची साखर आधी करावी लागते. हे काम धान्य स्वतःच करते, फक्त त्याला मोड आणावे लागतात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. उगवणाऱ्या कोंबाला अन्न मिळावे म्हणून ती स्टार्च तोडतात. मोड योग्य वेळी थांबवून दाणे वाळवले की माल्ट तयार होतो. नाचणीला मोड आणून, सुकवून, भाजून केलेले सत्त्व हा त्याच कुळातला पदार्थ.

बिअरसाठी माल्ट जाडसर भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. विकरे कामाला लागतात आणि पाणी गोड होते. हा गोड काढा म्हणजे ‘वर्ट’. तो तासभर उकळून त्यात हॉप्स घालतात. हॉप्स ही एका वेलीची फुले असून बिअरचा कडूपणा त्यांच्यामुळे येतो. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या थंड खोऱ्यात त्यांची लागवड होते. उकळल्यामुळे वर्ट निर्जंतुक होतो. त्यानंतर तो भरभर थंड करायचा आणि यीस्ट घालायचे. खरी परीक्षा इथून सुरू होते.

पहिल्या बॅचच्या चौदा दिवसांत काय घडते?

जिथे हे कायदेशीर आहे, तिथल्या नवशिक्याच्या २० लिटरच्या साध्या ‘एल’ प्रकारच्या बॅचचे वेळापत्रक साधारण असे असते.

पहिले ६ ते २४ तास : वरून काहीच दिसत नाही. यीस्ट विरघळलेला ऑक्सिजन वापरून स्वतःची संख्या वाढवत असते. नवशिके इथेच घाबरतात आणि पुन्हा पुन्हा झाकण उघडतात. प्रत्येक वेळी बाहेरचे जंतू आत जाण्याची संधी मिळते.

दुसरा ते चौथा दिवस : वर जाड, तपकिरी-पांढरा फेस येतो. एअरलॉकमधून सतत बुडबुडे येतात. यीस्टच्या कामातून उष्णताही निघते. त्यामुळे बादलीतला द्रव खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी जास्त गरम असू शकतो.

पाचवा ते सातवा दिवस : फेस खाली बसतो, बुडबुडे मंदावतात. बहुतेक साखर संपलेली असते.

आठवा ते चौदावा दिवस : आता यीस्ट आवराआवर करते. आधीच्या घाईत तयार झालेले नको ते वास ती पुन्हा शोषून घेते आणि तळाशी बसते. बिअर निवळू लागते.

बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. झाकण सैल असेल तर वायू भलतीकडूनच निघून जातो. खरी खूण देते ते हायड्रोमीटर. दुधातले पाणी ओळखण्यासाठी डेअरीत जे काचेचे तरंगते यंत्र वापरतात, त्याचाच हा भाऊ. द्रवात साखर जास्त तितकी घनता जास्त. सुरुवातीला घनता १.०४८ असेल आणि शेवटी १.०१० वर आली, तर फरक ०.०३८. त्याला १३१.२५ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण मिळते : सुमारे पाच टक्के. दोन-तीन दिवस आकडा जागचा हलला नाही तरच आंबण्याची क्रिया थांबली असे मानतात.

ताडकळसच्या उन्हात काय होईल?

एल यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. लागर बिअरच्या यीस्टला त्याहून थंड, साधारण ८ ते १३ अंश. परभणी जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत रात्रीही तो फारसा उतरत नाही. त्यात आंबण्याची स्वतःची उष्णता मिळवा.

उन्हाळ्यात दही दोन-तीन तासांत लागते आणि संध्याकाळपर्यंत आंबटढाण होते. यीस्टचेही तसेच. ती थांबत नाही, उलट धावत सुटते. साखर दोन दिवसांत संपते. पण त्या घाईत जड अल्कोहोल आणि रंगाच्या थिनरसारखा वास असलेली रसायने तयार होतात. अशी बिअर घशाला जळजळते. पुढे कितीही दिवस ठेवली तरी तो वास पूर्ण जात नाही. उलट हिवाळ्यात याच जिल्ह्यात पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या येतात. तेव्हा यीस्ट झोपी जाते आणि काम अर्धवट राहते.

विजेचा खर्च न करता तापमान उतरवण्याची एक जुनी युक्ती जगभरचे हौशी वापरतात. भांडे पाण्याच्या परातीत ठेवायचे, त्यावर ओले फडके गुंडाळायचे आणि समोर पंखा लावायचा. पाण्याची वाफ होताना भांड्यातली उष्णता निघून जाते. माठ आणि वाळ्याचा कूलर चालतो तो याच तत्त्वावर. मराठवाड्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये याने पाच-सात अंशांचा फरक पडू शकतो. जुलैच्या दमट हवेत मात्र ही युक्ती जवळपास निकामी ठरते.

निसर्गात याला अपवादही आहे. नॉर्वेच्या ग्रामीण भागात शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ‘क्वाइक’ नावाचे यीस्ट ३५ ते ४० अंशांनाही बऱ्यापैकी स्वच्छ काम करते. आपल्याकडे विरजण शेजारून मागून आणतात, तसे तिथे हे यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून ठेवले जाई आणि शेजाऱ्यांना दिले जाई.

पहिली बॅच बिघडली हे कसे कळते?

चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा नाकालाच कळते.

हिरव्या सफरचंदाचा वास : यीस्टचे काम पुरे होण्याआधीच घाई केली.

लोण्यासारखा, पॉपकॉर्नसारखा वास : शेवटची आवराआवर झाली नाही किंवा जंतुसंसर्ग झाला.

थिनर किंवा नेलपॉलिशचा वास : तापमान फार चढले.

व्हिनेगरचा वास : हवा आणि आम्ल करणारे जिवाणू आत शिरले.

ओल्या पुठ्ठ्याची चव : आंबून झाल्यावर बिअरला हवा लागली.

उग्र, कुबट दर्प : उजेड लागला. हॉप्समधली द्रव्ये प्रकाशाने तुटतात. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच.

यावरून एक गोष्ट दिसते. साहित्य महाग होते की स्वस्त याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते स्वच्छता, तापमान आणि सबुरी या तीन गोष्टींवरून. उकळलेला वर्ट थंड झाल्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू, मग तो चमचा असो की बादलीचे झाकण, आधी धुतलेली आणि नंतर निर्जंतुक केलेली लागते. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत; नवशिक्याची पहिली चूक बहुधा ती एकच समजण्यात असते.

बाटली का फुटते?

घरगुती बिअरमधला प्रत्यक्ष शारीरिक धोका चवीत नसून बाटलीत असतो. फसफस यावी म्हणून बाटली भरताना थोडी साखर घालतात. लिटरमागे साधारण सहा-सात ग्रॅम. बंद बाटलीत यीस्ट ती खाते आणि वायू द्रवातच विरघळतो. पण मूळ आंबणे अर्धवट असताना बाटली भरली किंवा साखर अंदाजाने ओतली, तर दाब वाढतच जातो. उन्हाळ्याच्या खोलीत काचेची बाटली फुटून तिचे तुकडे दूरवर उडतात. सोड्याच्या बाटल्या फुटून डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना जुन्या लोकांना आठवत असतील. यामागचे भौतिकशास्त्र तेच आहे.

घरच्या बिअरने डोळे जातात का?

ही भीती खरी आहे, पण तिचा पत्ता चुकीचा आहे. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. अशा प्रकरणांत जीव घेणारे रसायन असते मिथेनॉल. ते उद्योगात वापरले जाते, स्वस्त असते आणि नफ्यासाठी दारूत मिसळले जाते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते.

धान्याचा वर्ट आंबवताना मिथेनॉल नगण्य प्रमाणात तयार होते. आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स यांमुळे आजार पसरवणारे बहुतेक जंतूही बिअरमध्ये टिकत नाहीत. त्यामुळे बिघडलेली बिअर सहसा फक्त बेचव असते. पण आंबवलेला द्रव भट्टीवर चढवून उतरवणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तिथे आगीचा धोका आणि भेसळीचा बाजार दोन्ही जोडले जातात.

कुठलीही दारू प्यायल्यानंतर काही तासांनी नजर धूसर झाली, पोटात तीव्र दुखू लागले किंवा श्वास जोरजोराने चालू लागला, तर ‘झोपून उतरेल’ म्हणून थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. मिथेनॉलवर उतारा आहे, पण वेळ फार महत्त्वाची असते.

आणि सरळ हिशेबही विसरता येत नाही. पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. अल्कोहोलची कुठलीही पातळी आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘घरची आहे, शुद्ध आहे’ याने त्यात बदल होत नाही.

ज्वारीची बिअर होऊ शकते का?

होते, आणि मोठ्या प्रमाणावर होते. दक्षिण आफ्रिकेत ज्वारी आणि मक्यापासून केलेली ‘उम्कोंबोथी’ ही गढूळ, आंबट बिअर पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होते. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना स्थानिक ज्वारी आणि मक्याकडे वळावे लागले. ज्वारीत ग्लुटेन नसते. म्हणून अमेरिकेत गव्हा-बार्लीचे वावडे असलेल्यांसाठी ज्वारीची बिअर २००६ पासून मोठ्या कंपनीनेही बाजारात आणली.

पण बार्लीची कृती जशीच्या तशी ज्वारीला लावली तर फसते. बार्लीचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांना फुगतो. त्याच तापमानात विकरेही जिवंत असतात. ज्वारीचा स्टार्च सत्तरच्या पुढे फुगतो आणि तोवर साखर करणारी महत्त्वाची विकरे मरू लागतात. शिवाय ज्वारीच्या माल्टमध्ये त्यांतले एक विकर मुळातच कमी असते. म्हणून कारखाने ज्वारी आधी शिजवतात आणि नंतर तयार विकरे घालतात.

दुसरी सूचना स्वयंपाकघरासाठीही महत्त्वाची आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्यामागचे सायनाइड तयार करणारे द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असते. माल्ट करताना दाणे वाळवून कोंब आणि मुळ्या झाडून टाकतात ते याचसाठी. मटकीसारखे ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नयेत.

पावसात काळी पडलेली ज्वारी यात खपेल का, हा प्रश्न शेतकरी विचारतो. उत्तर निराश करणारे आहे. माल्टसाठी दाणा जिवंत आणि निरोगी हवा, कारण शंभरातले पंचाण्णवच्या आसपास उगवायला हवेत. बुरशी लागलेला दाणा नीट उगवत नाही आणि काही बुरशींची विषे पेयात उतरू शकतात. काळी ज्वारी घेतात ते धान्यापासून मद्यार्क काढणारे कारखाने. त्यांना मोडांची गरज नसते. ते विकरे बाहेरून घालतात.

गावाला यातून काय मिळते?

हा प्रश्न राज्याने आधी एकदा विचारून पाहिला आहे. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहन देणारे धोरण आले. काळ्या ज्वारीला भाव मिळेल, ही त्यामागची एक बाजू. अन्नधान्याची दारू करायची का आणि फायदा शेतकऱ्याला की कारखानदाराला, ही दुसरी. डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला जाहीर विरोध केला.

पाण्याचा प्रश्न तिसरा. मराठवाड्यातील बिअर उद्योग छत्रपती संभाजीनगर परिसरात एकवटला आहे. एका लिटर बिअरसाठी कारखान्याला साधारण चार-पाच लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेने पाणी जात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपातीचा आदेश दिला होता.

आणि गावातल्या बायकांचा अनुभव चौथा. ‘आडवी बाटली’साठी रांगा लावून मतदान करणाऱ्या महिलांना दारू विदेशी पद्धतीची आहे की हातभट्टीची, याने फरक पडत नाही. घरातच बादली आली तर दुकान बंद करून काय साधले, हा त्यांचा सवाल रास्त आहे. घरगुती बिअरला मुभा द्यावी असे म्हणणाऱ्यांना त्याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

मग शिकायचे असेल तर कुठे?

आंबवण्याचे शास्त्र शिकणे गुन्हा नाही आणि त्याला बाजारही आहे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाल्यानंतर राज्यात परवानाधारक मायक्रोब्रुअरींचा मार्ग खुला झाला. अशा ठिकाणी प्रशिक्षित माणसे लागतात. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन, ब्रुइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

ताडकळसच्या विद्यार्थ्याला त्याहून जवळचा पर्याय परभणीत आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव असलेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. याच विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण दिले आणि इक्रिसॅटसोबत लोह व जस्त जास्त असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाण विकसित केले. ज्वारीला मोल आणायचे तर त्यासाठी बिअर हा एकच रस्ता नाही. पाव, बिस्किटे, रवा, पोहे आणि आंबवलेली पेये यांतही हेच यीस्ट, हीच विकरे आणि हेच तापमानाचे गणित लागते.

कायद्यात बसणारा एक प्रयोग आजही करता येईल. बेकरीतून पावाचे यीस्ट आणा. मैद्याचा एकच गोळा मळून त्याचे दोन सारखे भाग करा आणि दोन सारख्या पेल्यांत घाला. एक पेला माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा, दुसरा पत्र्याखाली. दर अर्ध्या तासाने पेल्यावर पीठ कुठवर चढले तिथे पेनाने खूण करा. शेवटी दोन्हींचा वास घ्या. गरम पेला आधी वर येईल, आधी खाली बसेल आणि त्याला आंबूस, उग्र वास असेल. थंड पेला वेळ घेईल. दोन पेल्यांतला हा फरक ज्याला नीट कळला, त्याला पहिल्या बॅचचा सगळ्यात अवघड धडा बादली न आणताच कळला.